सूप, लाटणं आणि बीपीचं मशीन

…नाही, पण मी म्हणते, ह्यात हसण्यासारखं काय आहे? मघाशी आम्ही पिशव्या उघडल्या, सूप काढलं, लाटणी काढली, घागर काढली, तोवर सगळ्याजणी कौतुकानं बघत होतात, आणि बीपीचं मशीन बाहेर आलं तशा ह्या पिवळ्या साडीतल्या ताई शेजारणीच्या कानाला लागल्या, "अगं, ह्यांच्यातल्या कोणाला तरी चक्कर येत असणार बघ." अहो ताई, बँकेच्या काउंटरवर उभा जन्म गेलाय माझा, काचेपलीकडचं पुटपुटणं ऐकायची सवय आहे, तुमची तर साधी कुजबुजसुद्धा नव्हती. नाही येत कोणाला चक्कर. आमच्यात सगळ्यांत लहान रुपाली, ती चाळिशीची, आणि सगळ्यांत मोठ्या विमलाबाई, त्यांचं वय विचारायचं नाही असा नियम आहे, पण दोघी समोरासमोर पिंग्याला उभ्या राहिल्या तर आधी खाली बसते ती रुपाली.

तरी जाऊ त्या घरी हेच. मंगळागौरीच्या खेळांत बीपीचं मशीन कशाला, म्हणे! कशाला ते सांगते आता, नाहीतरी तुमची नवरी अजून आतच आहे. मी डोकावून आले मघाशी. नऊवारी नेसलीय, नथ घातलीय, अंबाड्यावर गजरा आहे आणि गजऱ्याखालून कानात ती हेडफोनची वायर. मंगळवारी अमेरिकेचा कॉल असतो म्हणून तुम्ही मंगळागौर शनिवारी ठेवलीत, आणि आपला शनिवार उजाडला तरी अमेरिकेचा शुक्रवार काही संपत नाही. गौरीची काही तक्रार नाही, ती बिचारी फुलांत बसलीय निवांत. तेव्हा ऐका.

ती तिकडे गौरीपाशी बसलीय ना, हिरव्या काठाची, नथ सावरतेय, ती सुनीती. आमच्या ग्रुपची म्होरकी. बघा, डोळे वटारतेय माझ्याकडे, म्हणजे सांगू नकोस म्हणतेय, म्हणजे सांगायलाच पाहिजे.

तर मी आणि सुनीती एका बँकेत, एका काउंटरला. मग सरकारनं देशाची दारं उघडली, दारांतून कॉम्प्युटर आत आले, आणि बँकेनं आम्हाला व्हीआरएसचा हार घालून त्याच दारांतून बाहेर काढलं. आता पंचेचाळिशीत घरी बसून करायचं काय? किती दिवस कपाट आवरणार? कपाटालासुद्धा कंटाळा येतो. सुनीती म्हणाली, "सत्यशीला, हिंजवडीला एवढ्या पोरी नोकरीला लागल्यात, लग्नं होतायत, मंगळागौरी होतायत, आणि एकीलाही फुगडी येत नाही. आपल्याला तेवढंच येतं." झालं, निघाला ग्रुप. आणि काय सांगू तुम्हाला, सुनीतीची फुगडी म्हणजे! बँकेत हळदीकुंकवाला तिनं मॅनेजरच्या केबिनसमोर फुगडी घातली होती, मॅनेजर फाईल तोंडावर धरून बसून राहिले पण आवाज वाढला तसे फाईलच्या वरून बघत होते. तिचं एकच म्हणणं असे, "बाईचं हृदय बघायचं असेल ना, डॉक्टर नको, फुगडी घाला. दम लागला नाही म्हणजे हृदय ठणठणीत." आणि आम्ही सगळ्या ते प्रमाण मानत होतो. वेदवाक्यच. फुगडीत दम लागत नाही, हृदय ठणठणीत, चला पुढच्या घरी.

आता पुढची गंमत ऐका. गंमत आता म्हणतेय हं, तेव्हा नव्हती.

ग्रुपला पंधरा वर्षं होत आली आणि तिची बोटं दुखायला लागली. सगळी नाही, उजव्या हाताची दोन. आणि सुजली म्हणजे एखादं पेर नाही हो, बोटच्या बोट, मुळापासून नखापर्यंत, अगदी वेलची केळं! अंगठी साबण लावून काढली. मग सकाळी उठल्यावर टाच जमिनीला टेकवेना. न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जायची, आणि तासाभरानं अंग मोकळं झालं की जसं काही झालंच नाही. नखांवर बारीक बारीक खळगे पडले, टाचणीनं टोचल्यासारखे, तर म्हणाली भांड्यांचा साबण बदलला त्यानं. कोपरावर पांढरी खवल्यांची चकती होती, ती तर बँकेतल्या दिवसांपासूनची, ती म्हणाली काउंटरवर कोपरं टेकून टेकून झालीय. केसांत कोंडा, तो मेंदीनं. म्हणजे बघा, प्रत्येक दुखण्याला तिच्याकडे उत्तर तयार, एकही दुखणं बिनउत्तराचं नाही. पुण्याची ना!

आणि उपाय? उपाय सांगायला आम्ही होतोच की. विमलाबाई म्हणाल्या, "सांध्यातलं वंगण गेलंय गं, मेथीचे लाडू खा." आता विमलाबाईंचा लाडू म्हणजे मेथी नावाला, बाकी डिंक, खोबरं आणि तूप, हातात धरला की कोपरापर्यंत ओघळ. सबंध थंडीभर ह्या बाईनं सकाळी एक, संध्याकाळी एक लाडू खाल्ला. वंगण कुठं गेलं ते पुढं कळेल तुम्हाला. आणि दुखणं फारच झालं की कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून गोळी. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही, "ती परवाची पिवळी द्या." तो पण देतो.

तिचे यजमान माधवराव. कंपनीतून निवृत्त, शिडशिडीत, मंडईत जाऊन भाजी आणणारे, आणि बोलणं म्हणजे शब्दाला पैसे पडतात अशा हिशोबानं. ते म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊ." ती म्हणाली, "नको." ते म्हणाले, "बरं." संपला विषय. ह्याला पुण्यात संसार म्हणतात.

मुलगा गंधार, तो आयटीत. त्याच्या कंपनीचं आईवडलांसाठी चेकअपचं पॅकेज होतं, तिथं नेलं. ईसीजी काढला, सरळ. मग पोरानं घरी लॅपटॉप उघडला, त्यात म्हणे एक कॅल्क्युलेटर असतो, वय टाका, कोलेस्टेरॉल टाका, सिगारेट ओढता का टाका, की तो सांगतो दहा वर्षांत तुमच्या हृदयाचं काय होणार. आमच्या लहानपणी हे काम पोपटवाले करायचे. त्यानं टाकलं, आणि म्हणाला, "आई, चिल. रिस्क लो आहे तुझी." लो! सुनीतीला एवढा आनंद झाला की तिनं त्या आनंदात आणखी एक लाडू खाल्ला.

आणि मंगळागौरी चालूच. फक्त… आता हे मात्र नीट ऐका, हसू नका… फक्त सुनीतीनं हळूहळू माइक हातात घेतला. "प्रत्येक खेळाआधी दोन शब्द सांगायला हवेत गं, ह्या नव्या पोरींना काय कळतंय, मी निवेदन करते." आम्ही म्हटलं, वा. काय निवेदन करायची! बसफुगडी म्हणजे काय, दंडफुगडी म्हणजे काय, सुपाला मान का, लोक टाळ्या वाजवायचे. आम्ही घामाघूम व्हायचो आणि ही बाजूला उभी, नथ जागच्या जागी, पावडर जशीच्या तशी. आम्ही म्हणायचो, "बघा, सुनीतीला मुळीच दम लागत नाही!"

कळतंय का तुम्हाला? आम्हाला नाही कळलं. दोन श्रावण गेले आणि दहा डोकी असून एकीलाही कळलं नाही की ही बाई फुगडीच घालत नाहीये. तिला हात धरवत नव्हता हो. समोरचीनं बोटं आवळली की डोळ्यांत पाणी यायचं. आणि ते सांगायचं तर भीती ही, की ज्या बाईच्या फुगडीवर ग्रुप उभा राहिला तिलाच फुगडी येईना म्हटल्यावर ह्या बायका मला ठेवतील का? अगं वेडे… जाऊ दे. तिच्यासमोर नको.

तर कोथरूडला एका घरी कार्यक्रम होता. सुनीतीचं निवेदन रंगलेलं. आणि पाहुण्यांतली एक मुलगी एकदम उठली, तिशीची असेल, जीन्सवर कुर्ता, आणि तरातरा आली आणि सुनीतीचा हातच धरला. सुनीतीला वाटलं फुगडीला ओढतेय. ती मागं सरली, "नाही हं, मी निवेदन करते." ती मुलगी हात सोडेना. बोटं बघतेय, उलटा करून बघतेय, नखं उजेडात धरतेय. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "हात बघता येतो वाटतं हिला!"

झालं! तुम्हाला सांगते, पुण्यातली बाई कितीही शिकलेली असू दे, हात बघणारी दिसली की तळवा आपोआप उघडतो. धडाधड उठल्या सगळ्या. रांग! "माझं बघा हो, मुलाचं अमेरिकेचं जमेल का?" "माझ्या सुनेचं बघा." यजमानीणबाई तर खिरापतीचं ताट खाली ठेवून, हात पदराला पुसून पुढं. आणि ती मुलगी सुनीतीला विचारतेय, "काकू, कोपर दाखवता का?" मागच्या रांगेत पसरलं, "ही कोपरावरनं सांगते. दुर्मिळ विद्या आहे." मग सगळ्यांनी तळवे मिटले आणि कोपरं पुढं केली. मी पण केलं. खोटं कशाला बोलू, काही चार्ज नव्हता.

ती मुलगी म्हणाली, "मी डॉक्टर आहे. डॉक्टर अवनी. सांध्यांची." हिरमुसल्या हो सगळ्या. कोपरं खाली. पण सुनीतीला तिनं सोडलं नाही. "काकू, हा सोरायसिस आहे आणि त्याच्याबरोबर येणारा संधिवात आहे असं मला वाटतंय. सोमवारी क्लिनिकला या, प्लीज." सुनीती म्हणाली, "अहो, साबणानं झालंय ते." पण आवाज जरा बारीक आला.

सोमवारी निघालो. सुनीती, माधवराव आणि मी. मी कशाला? कारण डॉक्टर जे बोलतील त्यातलं निम्मं सुनीती विसरणार आणि माधवराव उरलेलं निम्मं कोणाला सांगणार नाहीत.

त्या मुलीनं बोटं बघितली, टाच दाबली, डोक्यातला कोंडा बघितला, तिथपर्यंत ठीक. मग दंडाला पट्टा बांधला, बीपी. वर गेलेलं. परत बांधला. परत वर. मग टेप काढली आणि कमरेचा घेर घेतला. सुनीती माझ्याकडे बघतेय, परकर शिवणारे का काय ही? मग विचारते, "घरात कोणाला हार्टचा त्रास?" ती म्हणाली, "वडलांना होता." "वडील किती वर्षांचे होते तेव्हा?" मग म्हणते, "मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करून घेऊ." मानेची! तेव्हा मात्र सुनीतीचा धीर सुटला. तिथल्या तिथं म्हणाली, "अहो डॉक्टर, दुखतंय काय आणि बघताय काय!"

मी मनात म्हटलं, अगदी बरोबर. बोट दाखवायला आलेल्या बाईची मान बघायची म्हणजे काय? उद्या चपलेच्या दुकानात गेले तर टोपी दाखवतील.

पण ती पोरगी हसली फक्त. म्हणाली, "काकू, दम लागतो का?"

सुनीती ताठ बसली. तिचा हक्काचा पेपर आला होता. "मुळीच नाही."

माधवराव म्हणाले, "तिला नाही लागत. आम्हाला लागतो."

"जिने चढता?"

"लिफ्ट आहे."

"भाजीला कोण जातं?"

"हे जातात मंडईत."

"टेकडीवर वगैरे?"

"टाच दुखते ना."

"आणि फुगडी? शेवटची कधी घातलीत?"

 मी तिच्याकडे बघतेय, आता सांगेल, परवा घातली, गेल्या मंगळवारी घातली. ही मात्र पदराचं टोक त्या सुजलेल्या बोटांभोवती गुंडाळत राहिली. मी आठवायला लागले, बाणेरला? नाही, बाणेरला हिच्या हातात माइक होता. औंधला? माइक. नारायण पेठेत? अहो, तिथंही माइकच!  ती हळूच म्हणाली, "आठवत नाही."

अवनी उठून तिच्याजवळ आली आणि शांतपणे म्हणाली, "काकू, दम लागायला काहीतरी करावं लागतं. सांधे दुखतात म्हणून तुम्ही एकेक करून सगळं थांबवलंत, मग हृदयाला कोणी कामच सांगितलं नाही, तर ते तक्रार कशी करणार?"

आता तिनं जे समजावलं ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. तिच्या म्हणण्यानं हा संधिवात नुसता बोटांत बसत नाही. बोटांत जी सूज डोळ्यांना दिसते तशीच बारीक सूज अंगभर चालू असते, रक्तवाहिन्यांच्या आतून, ती दिसत नाही आणि दुखत तर नाहीच. त्या सुजेवर मग चरबीचा थर धरायला वेळ लागत नाही. त्यात ह्या दुखण्याच्या माणसांना बीपी, साखर, वजन ह्यांचीही साथ जास्त. आणि ती परवाची पिवळी गोळी, ती स्वतःच्या मनानं रोज घेतली की बीपी चढवते ती वेगळीच. "पण माझ्या मुलानं कॅल्क्युलेटर लावला होता, लो आलं होतं!" तर अवनी म्हणाली, "त्यानं सोरायसिसबद्दल विचारलं होतं का?" नव्हतं विचारलं. सिगारेट विचारली होती! माझ्या सुनीतीला! जिला अगरबत्तीनं ठसका लागतो तिला सिगारेट विचारून तो कॅल्क्युलेटर लो म्हणाला.

सोनोग्राफी झाली. मानेतल्या एका रक्तवाहिनीत थर धरलेला निघाला. फार नाही, पण होता. माधवरावांनी ते चित्र हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मेथीचा लाडू." एवढंच. पण चित्र परत न देता त्यांनी जपून शर्टाच्या खिशात ठेवलं, ते मी बघितलं, आणि सुनीतीनंही बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात तो माणूस पहिल्यांदा न बोलता एवढं बोलला असेल.

आणि आमची म्होरकी रडली. मान दाखवून रडली नाही, थर दाखवून रडली नाही. रडत विचारलं काय? "म्हणजे आता खेळ बंद ना? ग्रुप सोडावा लागणार ना मला?" मी तिथल्या तिथं म्हटलं, "कोण सोडतंय तुला? तू फुगडी घाल नाहीतर नुसती पाटावर बस, ग्रुप तुझा आहे, बावळट." त्या नादात मी पण रडले. अवनीनं टिश्यूचा डबा मध्ये ठेवला, तो माधवरावांनी आपल्याकडे ओढून घेतला.

तर ती पोरगी म्हणते कशी, "बंद? काकू, अहो मला तर तुम्ही फुगडी घालायला हवी आहे. फक्त आधी सूज उतरवू, बीपी ताब्यात आणू, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवू, मग चालणं, मग जिने, मग फुगडी." आता डॉक्टरनं फुगडी लिहून दिलेली पुण्यातली ही पहिलीच बाई असेल. मी तरी दुसरी बघितलेली नाही.

मग काय विचारता! संधिवाताचं औषध सुरू, बीपीची गोळी सुरू, कोलेस्टेरॉलची सुरू. पिवळी बंद, लाडू बंद. विमलाबाई आठ दिवस बोलत नव्हत्या, त्यांना वाटलं त्यांच्या लाडवाची बदनामी सोनोग्राफीत छापून आली. हृदयाच्या डॉक्टरांनी हिला त्या पळत्या पट्ट्यावर चालवलं, त्यांचा माणूस म्हणाला, "आजी, दमलात तर सांगा," त्या एका आजीवर ही आणखी चार मिनिटं चालली. आणि इकडे माधवरावांनी स्वतः जाऊन हे मशीन आणलं. आम्हाला सगळ्यांना ग्रुपमध्ये उभं करून म्हणाले, "हे खेळांच्या पिशवीत राहील." का, कशासाठी, काही नाही. पिशवीत ठेवलं आणि भाजीला गेले.

तेव्हापासून सूप, लाटणं, घागर आणि हे. आता कळलं कशाला ते?

थांबा, अजून संपलं नाही, नवरीचा कॉलही संपलेला नाही. ह्याच श्रावणाच्या पहिल्या मंगळवारचं सांगते. फोन आला, नव्या सुनेची मंगळागौर आहे, याल का? गेलो. दार उघडतं कोण? नऊवारीतली नवरी, आणि नवरी कोण? आमची डॉक्टर अवनी! वैशाखात लग्न झालेलं. म्हणाली, "काकू, आज माइक दुसऱ्या कोणाला तरी द्या."

सुनीती तयार होतीच. वर्षभर चालत होती बिचारी, आधी सोसायटीच्या आवारात, मग जिने, मग माधवरावांच्या मागून मंडईत, तेही पिशवी घेऊन. बोटं उतरलेली, अंगठी परत बसलेली. अवनीनं आधी तिचं बीपी बघितलं, हसून मान हलवली, आणि दोघींनी हात धरले. मी तुम्हाला काय सांगू, आमचं गाणं राहिलं बाजूला. आम्ही सगळ्या टाळ्या वाजवायच्या सोडून हिच्याभोवती कडं करून उभ्या, एकीच्या हातात पाणी, एकीच्या हातात पंखा, मशीनचा पट्टा माझ्या हातात उघडा, विमलाबाई देवाला हात जोडून. आणि सुनीती फिरायला लागली. आधी सावकाश, चाचपत, मग जरा जोरात, मग मान मागं टाकून अशी फिरली ना, की मला एकदम बँकेतली ती दुपार आठवली, मॅनेजरच्या केबिनसमोरची. हसत होती. दोन वर्षं नथ जागच्या जागी होती, त्या दिवशी ती नथ पार गालावर आली, पावडर वाहून गेली, आणि ती हसतच होती. डोळे भरून आले हो माझे.

तेवढ्यात "बास, बास, बास" असा आवाज! आम्ही धावलो, पाणीवाली धावली, पंखेवाली धावली, मी पट्टा घेऊन धावले, "सुनीती, बस खाली, बस आधी!" तर सुनीती उभी आहे ठाम. आणि खाली फतकल मारून कोण बसलंय? डॉक्टर. छातीवर हात, तोंडातून शब्द फुटत नाही, नुसती धापा टाकतेय. सुनीती तिच्याशेजारी टेकली, तिचं मनगट हातात घेतलं आणि अगदी तिच्याच आवाजात विचारलं, "जिने चढता का?"

"लिफ्ट… आहे."

"भाजीला कोण जातं?"

"सासूबाई."

"टेकडीवर वगैरे?"

"वेळच… मिळत नाही… काकू."

सुनीती म्हणाली, "सोमवारी या. मान बघून घेऊ." अख्खं घर हसलं. अवनी सगळ्यांत जास्त हसली, हसताना परत धाप लागली, आणि मला म्हणाली, "आता माझंही बघा बीपी." मी बघितलं. नॉर्मल होतं, नुसता व्यायाम नव्हता. पण मी पट्टा सोडवेपर्यंत तिच्या सासूबाई बाही वर करून माझ्यासमोर बसलेल्या. त्यांच्यामागे त्यांची जाऊ. जावेमागे विहीण. सुपाला कोणी हात लावला नाही, लाटणं तसंच पडलेलं, पिंगा नाही, झिम्मा नाही, सगळं घर रांगेत, आणि कोणी बोट दुखतं म्हणून सांगतेय, कोणी टाच, कोणी कोपर…

बरं, आल्या का नवरीबाई? संपला अमेरिकेचा शुक्रवार? या, या. चला गं, उठा सगळ्या, कडं धरा. रुपाली, टाळ घे. सुनीती, डोळे वटारू नकोस, सांगून झालंय. पहिली फुगडी कोण घालणार? तुम्ही? पिवळ्या साडीतल्या ताई, या ना पुढं, असा हात… अहो, हात द्या, दंड कशाला? आणि बाही का वर करताय? अहो, तुमच्यामागे ह्या कोण उभ्या राहिल्या? आणि त्यांच्यामागे? आजी, तुम्ही पण?

बोलावलंय कशाला आणि चाललंय काय…! रुपाली, टाळ खाली ठेव. मशीन आण इकडे. आणि सतरंजीवर जरा जागा करा, रांग पार जिन्यापर्यंत गेलीय.

काय म्हणालात? नाही, जिन्यातल्यांनी लिफ्टनं यायचं नाही.